आगीला जागा : वाफेच्या एक्स्प्रेस इंजिनाची घडण



एका व्याख्यानात एकच मुद्दा मांडावा आणि तो शक्यतो पटवून द्यावा, एवढीच माझी आजची उमेद आहे. म्हणून विषयाची हद्द आधीच आखून घेतो. मालगाडीची, घाटातली, शंटिंगची इंजिने आज बाजूला ठेवू. प्रवाशांची जलद गाडी ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनाचा आराखडा १८२९ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत का बदलत गेला आणि भारतात तो कोणत्या रूपाने स्थिरावला, एवढेच पाहायचे आहे.

या इंजिनांचा इतिहास बहुधा चाके मोजून सांगतात. पुढे लहान चाके किती, मधली मोठी किती, मागची लहान किती, यावरून ४-४-०, ४-६-२ असे वर्ग पाडतात. चाके छायाचित्रात दिसतात, त्यामुळे ही पद्धत सोयीची आहे. पण ती चाके तिथे का आली, हे तिच्यातून कळत नाही. माझे म्हणणे असे की हा आराखडा आगीने घडवला. ताशी किती कोळसा जाळता येतो, हा पहिला प्रश्न. त्यातून झालेली वाफ किती मोकळेपणाने सिलिंडरात शिरते आणि बाहेर पडते, हा दुसरा. आणि हे सगळे धूड वेगात असताना रुळांवर सरळ चालते का, हा तिसरा. या तिसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत आपल्या देशाने मोजली आहे. त्याबद्दल शेवटी बोलेन.

सुरुवात रेनहिलपासून करू. ऑक्टोबर १८२९ मध्ये लिव्हरपूलजवळच्या या गावी इंजिनांची स्पर्धा झाली. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या संचालकांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. ते रॉबर्ट स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’ने जिंकले. तोवरच्या इंजिनांत बॉयलरमधून एखाददुसरी जाड नळी जात असे आणि आगीच्या तप्त वायूंना तेवढीच वाट असे. हेन्री बूथ याने सुचवले की जाड नळीऐवजी बारीक नळ्यांचा जुडगा टाकावा. ‘रॉकेट’मध्ये तांब्याच्या २५ नळ्या बसवल्या आणि पाण्याला भिडणारा तप्त पृष्ठभाग एकदम वाढला. आगीसाठी बॉयलरच्या मागे वेगळी भट्टी आली आणि तिच्याभोवतीही पाणी खेळवले गेले. तिसरी गोष्ट सर्वांत दूरगामी ठरली. काम करून सिलिंडरातून बाहेर पडणारी वाफ धुराड्यात वर सोडण्यात आली.

लोहाराचा भाता कोणीतरी ओढावा लागतो. इथे इंजिन आपला भाता आपणच ओढू लागले. वाफेचा झोत धुराड्यातून वर जाताना आपल्याबरोबर धूर खेचतो, त्यामुळे मागे पोकळी निर्माण होते आणि भट्टीत खालून हवा शिरते. गाडी जड झाली, चढ लागला, की वाफ जास्त खर्च होते. झोत जोराचा होतो, आग अधिक फुलते आणि वाफ अधिक तयार होते. गरज आणि पुरवठा यांची सांगड आपोआप बसते. मात्र जोराचा झोत हवा असेल तर वाफेला अरुंद तोंडातून ढकलून बाहेर काढावे लागते आणि ते ढकलण्याचे काम दट्ट्यावर येते. म्हणजे आग फुलवायला गाडी ओढण्याची ताकद थोडी खर्ची पडते. या तडजोडीवर चांगला तोडगा निघायला आणखी शंभर वर्षे जायची होती.

जाता जाता आपल्याकडचा धागा सांगतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी घेऊन गेलेली साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिने व्हल्कन फाउंड्रीची. हा कारखाना लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गाजवळच उभा राहिला आणि त्याच्या आरंभीच्या काळात रॉबर्ट स्टीफन्सन भागीदार होता. ही गाडी ज्या जीआयपी रेल्वेची, तिचा सल्लागार अभियंताही तोच. रेनहिलची विद्या चोवीस वर्षांत ठाण्याच्या खाडीपर्यंत पोचली ती अशी, एकाच घराण्याच्या हातून.

आता वेगाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अभियंत्यांना धास्ती होती ती दट्ट्याच्या गतीची. तेव्हाची वंगणे आणि तेव्हाचे लोखंड पाहता दट्ट्या फार भरभर पुढेमागे झाला तर काहीतरी तुटणार किंवा तापणार, हे ठरलेले. मग वेग वाढवायचा कसा? चाक मोठे करायचे, म्हणजे एका फेऱ्यात जास्त अंतर कापले जाते. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या सात फुटी गेजवर डॅनियल गूचने १८४७ मध्ये ‘आयर्न ड्यूक’ उतरवले. त्याची मुख्य चाके आठ फूट व्यासाची होती. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या पॅट्रिक स्टर्लिंगने १८७० मध्ये डॉनकास्टरला आठ फूट एक इंच चाकाचे इंजिन बांधले. ताशी ६० मैल वेगाला हे चाक मिनिटाला साधारण २०८ फेरे घेते. मोठी चाके एकच जोडी असत, कारण दोन जोड्या दांड्याने सांधल्या तर तो दांडा वेगात मोडेल अशी भीती होती.

स्टर्लिंगचे इंजिन यॉर्कच्या संग्रहालयात आहे आणि देखणेपणात त्याला तोड नाही. पण त्या देखणेपणातच अडचण होती. सगळी ओढ चाकांच्या एकाच जोडीवर, म्हणून रूळ ओले असले की चाक जागच्या जागी फिरायचे. शिवाय एवढ्या मोठ्या चाकांच्या मधल्या जागेत बॉयलर आणि भट्टी कोंबावी लागे. थॉमस क्रॅम्प्टनने मोठ्या चाकांचा आस भट्टीच्याही मागे नेला, त्यामुळे बॉयलर खाली बसवता आला. त्याची इंजिने फ्रान्समध्ये खूप चालली, पण मागच्या आसावर पुरेसे वजन पडेना. १८८६ मध्ये मिडलंड रेल्वेत वाफेच्या झोताने चाकाखाली वाळू फेकण्याची युक्ती निघाली आणि एकजोडी इंजिनांना काही वर्षांचे जीवदान मिळाले. मग गाडीत बोगीचे लांब डबे आले, डबे जोडणारी वाट आली, शौचालये आली, भोजनाचा डबा आला. प्रवाशांच्या सोयी वाढल्या तसे गाडीचे वजन वाढले आणि एकजोडी इंजिनाचा काळ संपला.

यापुढची कथा भट्टीतल्या जाळीची आहे. कोळसा ज्या लोखंडी जाळीवर जळतो, तिचे क्षेत्रफळ म्हणजे इंजिनाची कमाईची मर्यादा. ‘रॉकेट’ची जाळी सुमारे ६ चौरस फूट होती. पुढे सत्तर वर्षे भट्टी दोन बाजूंच्या चौकटींच्या मध्ये बसवत. चार फूट साडेआठ इंच गेजवर तिथे जेमतेम साडेतीन फूट रुंदी मिळते. मग जाळी लांब करत न्यावी लागते, आणि फार लांब जाळीच्या टोकापर्यंत फावड्याने कोळसा नेमका टाकणे माणसाला जमत नाही.

हा पेच सुटला तो हलक्या कोळशामुळे. पेनसिल्व्हेनियात अँथ्रासाइटच्या खाणींबाहेर चुऱ्याचे डोंगर पडले होते. तो चुरा जाळायचा तर पातळ थर आणि पसरट जाळी हवी, म्हणून जॉन वूटन याने १८७० च्या दशकात चौकटींच्या वर बसणारी रुंद भट्टी काढली. अशी भट्टी मोठ्या चाकांवर चढवली तर बॉयलर फार उंच जातो. तेव्हा ती चाकांच्या मागे न्यावी आणि तिच्याखाली लहान चाकांची जोडी द्यावी, हा मार्ग निघाला. त्यातून ४-४-२ म्हणजे अटलांटिक प्रकार एक्स्प्रेस गाड्यांसाठी रूढ झाला. १९०१ मध्ये न्यूझीलंडच्या सरकारी रेल्वेला तिथला हलका लिग्नाइट कोळसा जाळायचा होता. फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्याने तिच्यासाठी मागे रुंद भट्टी असलेली ४-६-२ इंजिने बांधली. हाच तो पॅसिफिक प्रकार, पुढे अर्धे शतक जगभरच्या एक्स्प्रेस गाड्यांपुढे दिसलेला. मागची ती लहान चाके ओढीला काडीचीही मदत करत नाहीत. ती आगीला जागा देण्यासाठी आली.

जाळीचे आकडे एका ओळीत मांडले की चित्र स्पष्ट होते. इंग्लंडच्या निजेल ग्रेस्लीच्या १९२२ च्या पॅसिफिकची सुमारे ४१ चौरस फूट. न्यूयॉर्क सेंट्रलच्या १९२७ च्या हडसनची ८१ च्या वर. तिच्याखाली तर मागे चार चाके द्यावी लागली. त्याच रेल्वेच्या १९४५ च्या नायगाराची १००. साधारण ५० चौरस फुटांच्या पुढे फावडे हाती धरलेला माणूस पुरा पडत नाही, म्हणून अमेरिकेने कोळसा रेटणारे यांत्रिक स्टोकर बसवले.

केवळ आग मोठी करत जावी, एवढेच उत्तर असते तर हे व्याख्यान इथेच संपले असते. आता दुसरा प्रश्न : वाफेची वाट.

साधी वाफ थंड सिलिंडराला टेकली की तिचा काही भाग काम करण्याआधीच पाणी होतो. जर्मनीच्या विल्हेल्म श्मिट याने वाफेला पुन्हा तापवण्याची रीत १८९० च्या दशकात इंजिनावर आणली. बॉयलरमधून निघालेली वाफ धुराच्या जाड नळ्यांत बसवलेल्या बारीक नळ्यांतून फिरवायची आणि तीनशे अंशांच्या पलीकडे न्यायची. कोळशाची पाचव्या हिश्शाएवढी आणि कधी त्याहून अधिक बचत झाली. पण एवढ्या उष्णतेत जुन्या सपाट झडपांना वंगण टिकेना. म्हणून नळकांडी झडपा आल्या, नवी तेले आली.

फ्रान्सने वेगळी वाट धरली. अल्फ्रेड दे ग्लेन आणि गास्तों द्यू बुस्के यांनी चार सिलिंडरांची संयुक्त इंजिने बांधली. त्यांत वाफ आधी लहान सिलिंडरात काम करते आणि उरलेल्या दाबानिशी मोठ्या सिलिंडरात पुन्हा राबते. ग्रेट वेस्टर्नच्या जॉर्ज चर्चवर्डने १९०३ मध्ये असे एक फ्रेंच इंजिन विकत घेऊन आपल्या इंजिनांशेजारी चालवून पाहिले. चार सिलिंडरांमुळे येणारा समतोल त्याने उचलला. दुहेरी प्रसरण मात्र सोडून दिले, कारण उंच दाब आणि लांब सरकणाऱ्या झडपा यांच्या जोरावर एकेरी प्रसरणातूनच जवळपास तेवढे काम निघते, हे त्याने ताडले होते.

ही लांब सरकणारी झडप काय करते? काटकसरीने चालवायचे तर दट्ट्याच्या फेरीच्या अगदी सुरुवातीला थोडी वाफ घ्यायची, वाट बंद करायची आणि उरलेली फेरी वाफेच्या प्रसरणावर काढायची. पण झडप थोडीच सरकत असेल तर अशा वेळी फट इतकी बारीक उघडते की वाफ तिथेच गुदमरते. झडपेची सरक वाढवली की तेवढ्याच वेळात फट रुंद उघडते आणि वापरलेली वाफही मोकळेपणाने बाहेर जाते.

याचा जाहीर निकाल १९२५ मध्ये लागला. ग्रेट वेस्टर्न आणि लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न या कंपन्यांनी आपापली इंजिने एकमेकींच्या मार्गांवर चालवून पाहिली. एका बाजूला ग्रेस्लीचे ४१ चौरस फूट जाळीचे पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला अवघ्या ३० चौरस फूट जाळीचे, चर्चवर्डच्या परंपरेतले कॅसल. लहान भट्टीच्या इंजिनाने कमी कोळशात तेच काम करून दाखवले. ग्रेस्लीचा मोठेपणा असा की त्याने हा निकाल मनावर घेतला. झडपांची रचना बदलली, पुढे बॉयलरचा दाबही वाढवला. मैलाला सुमारे ५० पौंड लागणारा कोळसा झडपांच्या बदलाने ४० च्या आसपास आला. बाहेरून पाहणाऱ्याला इंजिनात काहीही फरक दिसला नसता.

आणि मग आंद्रे शापलों. माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत मोठा माणूस. पॅरिस-ऑर्लेआँ रेल्वेची पॅसिफिक इंजिने जुनी झाली होती. त्यांतले ३५६६ क्रमांकाचे इंजिन त्याने १९२९ मध्ये नव्याने जुळवून दिले. चौकट तीच, चाके तीच. त्याने बॉयलरपासून सिलिंडरापर्यंत आणि तिथून धुराड्यापर्यंत वाफेचा सगळा प्रवास तपासला आणि जिथे वाट अरुंद किंवा वाकडी होती तिथे ती रुंद केली. वाफ अधिक तापवली, झडपा बदलल्या. धुराड्याखाली फिनलंडच्या क्यूलॅलाच्या कल्पनेवरून सुधारलेला दुहेरी झोत बसवला. एका जाड झोताऐवजी वाफ अनेक झोतांत विभागली की ती धुराला जास्त ठिकाणी भिडते; आग तेवढीच फुलते आणि दट्ट्यावरचा उलटा दाब पुष्कळ घटतो. रेनहिलपासून चालत आलेली ती तडजोड इथे प्रथमच मुळातून हाताळली गेली. दोन हजार अश्वशक्तीच्या आत असलेले इंजिन तीन हजारांपर्यंत गेले, तेही कोळशाची बचत करून.

यानंतरचे विक्रम सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. मे १९३६ मध्ये जर्मनीच्या ०५ ००२ या इंजिनाने ताशी २००.४ किलोमीटर वेग गाठला. ३ जुलै १९३८ रोजी ग्रेस्लीच्या ‘मॅलर्ड’ने स्टोक बँकच्या उतारावर ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर. ‘मॅलर्ड’चा बाहेरचा निमुळता पत्रा छायाचित्रांत गाजला, आत शापलोंचा दुहेरी झोत होता आणि वाफेच्या वाटा गोलाईदार होत्या. त्याचे चाक सहा फूट आठ इंचांचे. कमाल वेगाला ते मिनिटाला पाचशेहून जास्त फेरे घेत होते. स्टर्लिंगच्या काळी ज्याची धास्ती होती, ते वाफेच्या मोकळ्या वाटेने, पोलादाने आणि वंगणाने शक्य केले. तरीही धावेत मधल्या सिलिंडराचे बेअरिंग तापले आणि ‘मॅलर्ड’ला पीटरबरोला गाडीपासून सोडवावे लागले, हेही सांगितले पाहिजे. चौकटींच्या मध्ये दडलेला तिसरा सिलिंडर समतोल देतो, पण तिथे हात पोचायला अवघड.

आता तिसरा प्रश्न, आणि तो आपल्या घरचा. १९२० च्या दशकात भारतीय रेल्वेसाठी प्रमाणित इंजिने आखली गेली. इथला कोळसा राखेने भरलेला, म्हणून रुंद भट्टी हवी, म्हणून पॅसिफिक. हा विचार बिनचूक होता. त्यातून एक्सए, एक्सबी आणि एक्ससी हे वर्ग आले. पुरेशी पारख होण्याआधीच ही इंजिने मोठ्या संख्येने मागवली गेली. वेग वाढला की ती रुळांवर डावी-उजवीकडे हेलकावत. पुढच्या आणि मागच्या लहान चाकांना मध्यावर धरून ठेवणारा जोर कमी होता आणि अनेक ठिकाणी रूळही हा मार सोसण्याजोगे नव्हते. १७ जुलै १९३७ रोजी पाटण्याजवळ बिहटा येथे एक्सबी वर्गाच्या इंजिनाची एक्स्प्रेस रुळांवरून घसरली आणि शंभरावर माणसे गेली. त्यानंतर कर्नल माउंट यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. विल्यम स्टॅनियरसारखा नामांकित इंजिनकार तिच्यासाठी भारतात येऊन गेला. दोष इंजिनाच्या धावेत आणि रुळांच्या अवस्थेत, दोन्हीकडे निघाला.

या धड्यातून १९४७ मध्ये डब्ल्यूपी वर्गाचे पॅसिफिक इंजिन आले. पहिली १६ इंजिने बाल्डविनने बांधली. पुढे अनेक देशांत आणि शेवटी चित्तरंजनमध्ये मिळून १९६७ पर्यंत एकूण ७५५ झाली. जाळी ४६ चौरस फूट, चाक फक्त पाच फूट सात इंच, दोनच सिलिंडर आणि तेही बाहेर, फिटरचा हात सहज पोचेल असे. राख झाडायला हलणारी जाळी. समोरचा गोलसर नाकाडा आणि त्यावरचा तारा यांमुळे ते ओळखू येई. त्याचे मोठेपण मात्र तिन्ही प्रश्नांच्या जमवाजमवीत होते. त्याने जगाचा विक्रम केला नाही, पण हलक्या कोळशावर ताशी १०० किलोमीटरच्या आसपास ते वर्षानुवर्षे भरवशाने धावले.

महाराष्ट्रात या कथेला एक वेगळे वळण आहे. बोरघाटातला सदतीसास एक चढ आणि तिथले बोगदे पाहता जीआयपी रेल्वेने विजेची वाट लवकर धरली. १९३० पर्यंत मुंबईहून पुण्यापर्यंत आणि इगतपुरीपर्यंत तारा पोचल्या. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन पहिल्यापासून विजेवर धावली. आपल्या सर्वांत लाडक्या एक्स्प्रेसचा वाफेच्या इंजिनाशी संबंधच आला नाही. वाफेचे राज्य सुरू होई ते पुणे आणि इगतपुरीच्या पलीकडे.

वाफ मागे पडली ती वेगात हरून नव्हे. कोळशातल्या उष्णतेचा बाराव्या-पंधराव्या हिश्शाएवढा भागच सामान्य इंजिन ओढीला लावत असे; शापलोंची उत्तम इंजिने आठव्या हिश्शाच्या जवळ गेली. डिझेल याच्या कितीतरी पुढे होते. शिवाय वाफेच्या इंजिनाला पाणी, राख, बॉयलरची धुलाई आणि तासन्‌तास आग जागवणारी माणसे लागत. शापलोंने दाखवलेली सुधारणा जगभर वीस वर्षे आधी झाली असती तर हा सामना अधिक बरोबरीचा झाला असता, पण निकाल बहुधा तोच लागला असता. म्हणून माझा निर्णय असा : या काळातले सर्वांत वेगवान इंजिन ‘मॅलर्ड’, सर्वांत शहाणे ३५६६ आणि आपल्या मातीला सर्वांत योग्य डब्ल्यूपी.

शेवटी एक विनंती. इंजिने रेवाडीला जपून ठेवली आहेत, आराखडे कागदावर आहेत. पण राखट कोळशाची आग पातळ थरात कशी धरायची, धुराचा रंग पाहून फावडे कधी मारायचे, हे ज्ञान कोणत्याही आराखड्यात नाही. ते भुसावळ आणि दौंडच्या शेडमध्ये राबलेल्या फायरमन, ड्रायव्हर आणि फिटर यांच्याजवळ आहे, आणि ती माणसे आता वृद्ध आहेत. तुमच्या ओळखीत, नात्यात असे कोणी असतील तर त्यांच्याकडे वही आणि रेकॉर्डर घेऊन जा. त्यांनी गाडी किती जोरात पळवली, ते विचाराच. त्याआधी आग कशी सांभाळली, ते विचारून लिहून घ्या.